बॅटरी दर गुरुवारी बसते : १९९२ची मिआटा, डायनॅमो की आणखी काही?

उघडं छप्पर (एडिसन, न्यू जर्सी)

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचनमात्र होतो, धागा पहिल्यांदाच काढतोय.

दोन वर्षांपूर्वी १९९२ सालची मझदा मिआटा घेतली. युरोपात हिलाच एमएक्स-५ म्हणतात. दोन माणसांची, कापडी टपाची, १५९७ सीसीची, पाच गिअरची, लाल. कॉलेजात असताना खोलीतल्या कॅलेंडरवर हिचा फोटो होता, तेव्हापासून मनात होती. ऑफिसला दुसरी गाडी नेतो, ही फक्त शनिवार-रविवार.

त्रास असा आहे. रविवारी संध्याकाळी गॅरेजमध्ये लावली की गुरुवारपर्यंत बॅटरी पार बसलेली असते. किल्ली फिरवली की नुसती टकटक, मग तीही नाही. सप्टेंबरमध्ये नवी बॅटरी टाकली, पंधरा दिवसांत तीच गत. चार्जर लावून उठवतो, पण दरवेळी आधीपेक्षा लवकर मान टाकते आहे.

आणखी दोन गोष्टी सांगून ठेवतो, संबंध आहे की नाही ठाऊक नाही. बॅटरी भरलेली असतानाही सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटार) हल्ली जड फिरतो. आणि रात्री चालवताना मीटरमधला बॅटरीचा लाल दिवा अगदी मंद तेवताना दिसतो. दिवसा हाताने आडोसा केला तरच कळतो.

जवळच्या एका गॅरेजवाल्याने दहा मिनिटं बघून "अल्टरनेटर गेलाय" म्हणून सांगितलं, म्हणजे चालत्या गाडीत बॅटरी भरणारं यंत्र. रिबिल्ट अल्टरनेटर आणि मजुरी मिळून ४६० डॉलर. पैसे घालायला हरकत नाही, पण तो गेलाच आहे हे मला कसं कळणार? घरी मल्टीमीटर आहे, हात काळे करायची तयारी आहे. कुठून सुरुवात करू?

सह्यवाट

निगेटिव्हला कट-ऑफ स्विच लावून टाका. फिरकीचा मिळतो, दहा मिनिटांचं काम. गाडी लावली की फिरवायचा. माझ्या जुन्या जिप्सीला पाच वर्षं आहे, कधी त्रास नाही.

गंगावेस (कोल्हापूर)

सह्यवाट, स्विच वाईट नाही. महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या गाडीला मीही लावून दिलेत. पण यांच्या गाडीत नळ गळतोय, तो तसाच ठेवून टाकीचा कॉक बंद करण्यातला हा प्रकार होईल. आणि चालत्या गाडीत चार्जिंगच कमी होत असेल तर त्याला स्विच काय करणार?

उघडं छप्पर, मी ३८ वर्षं गाड्यांचं वायरिंग केलं. आता मुलगा बघतो, मी दुपारी दुकानात जाऊन बसतो. तुमची गाडी मी कधी हाताळलेली नाही, पण बॅटरी, सेल्फ आणि डायनॅमो सगळीकडे एकाच नियमाने चालतात. आम्ही दुकानात अल्टरनेटरलाच डायनॅमो म्हणतो, इथेही तेच म्हणेन.

बॅटरी बसायची कारणं तीनच. बॅटरी स्वतः चार्ज धरत नाही, किंवा गाडी उभी असताना कोणीतरी करंट पितंय, किंवा चालताना डायनॅमो पुरेसं भरत नाही. पंचाईत अशी की जुन्या गाडीत यातली दोन एकदम असतात. एक सापडलं की माणूस खूश होऊन दुसरं शोधायचं थांबतो. म्हणून तिन्ही मोजायची, कशावरही आधी बोट ठेवायचं नाही.

रात्रभर चार्जर लावा, मग काढून दोन-तीन तास तशीच ठेवा आणि बॅटरीचे व्होल्ट घ्या. १२.६ च्या पुढे आले तर भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ ला आली की तळ दिसायला लागला. मग सेल्फ मारताना कोणाला तरी मीटर बघायला सांगा, ९.६ च्या खाली जाता कामा नये. मग इंजिन चालू ठेवून बॅटरीवर रीडिंग, एकदा नुसतं आणि एकदा हेडलाइट-ब्लोअर लावून. १३.८ ते १४.५ च्या दरम्यान यायला हवं. बेल्टही बघा, थंडीत सकाळी किंचाळतो का?

एक गोष्ट हात जोडून सांगतो. गाडी चालू असताना बॅटरीचं टर्मिनल काढून "डायनॅमो चालतोय का" बघू नका. ही खरोखरच्या डायनॅमोच्या काळातली युक्ती आहे आणि अजून गल्लोगल्ली करतात. अल्टरनेटरवरचा भार एकदम काढला की क्षणभर व्होल्टेज उसळी मारतं. तुमच्या गाडीत इंजिनाचा कॉम्प्युटर आहे, तो त्यात जाऊ शकतो. दिवा मंद तेवतो म्हणालात ते मी बाजूला लिहून ठेवलंय. त्यावर नंतर बोलू.

कोथरूडकर

वाचतोय. माझ्याकडे अशी गाडी नाही पण शिकायला मिळतंय.

उघडं छप्पर

गंगावेस काका, इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार.

आकडे देतो. भरून तीन तास ठेवल्यावर १२.६४. सेल्फ मारताना बॅटरीवर १०.४, आणि तरीही सेल्फ जड. चालू इंजिन, काही न लावता १३.४. हेडलाइट आणि ब्लोअर लावल्यावर १२.५. बेल्ट थोडा किंचाळत होता, ताणून घेतला, पण आकड्यांत फरक पडला नाही. (या इंजिनात त्याच बेल्टवर पाण्याचा पंपही आहे, त्यामुळे तो तुटला तर बॅटरीआधी इंजिन तापेल. नवा मागवलाय.)

मग गळती मोजली. निगेटिव्ह टर्मिनल काढून मध्ये मीटर लावला, १० अँपियरच्या भोकात. ०.७८ अँपियर! नेटवर सगळीकडे ०.०५ च्या आत हवं असं लिहिलंय. म्हणजे चोर मोठाच आहे.

चाफा (नाशिक)

थांबा. मिआटात बॅटरी डिकीत असते ना? मागे उजव्या कोपऱ्यात. मग मोजताना तुमची डिकी उघडी होती, आणि डिकी उघडी म्हणजे डिकीतला दिवा चालू. ५ वॅटचा बल्ब असेल तर तोच ०.४ अँपियर खातो. तुम्ही चोराबरोबर घरातलं माणूसही मोजलंत.

त्या दिव्याचा बल्ब काढून ठेवा आणि पुन्हा मोजा. दारं बंद, किल्ली खिशात. आणि एक काळजी घ्या. निगेटिव्ह टर्मिनल एकदम उचलू नका. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला, दुसरं केबलच्या क्लॅम्पला घट्ट लावा, मग क्लॅम्प सावकाश वर सरकवा. म्हणजे करंट एक क्षणही तुटत नाही आणि जुना अलार्म किंवा रेडिओ पुन्हा जागा होऊन आकडा फुगवत नाही. दहा मिनिटं थांबून आकडा लिहा. मीटर मध्ये असताना चुकूनही सेल्फ मारू नका. सेल्फ शंभर-दीडशे अँपियर ओढतो, मीटरचा फ्यूज जागच्या जागी जाईल.

मी इलेक्ट्रॉनिक्सवाली आहे, गाड्या हा माझा प्रांत नाही. पण अदृश्य गळती शोधण्यातच माझी पंधरा वर्षं गेली.

उघडं छप्पर

चाफाताई, बरोबर! बल्ब काढल्यावर ०.३७. माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

चाफा

आता हिशेब जुळतो बघा. ०.३७ गुणिले २४ म्हणजे दिवसाला ८.९ अँपियर-अवर. या गाडीची बॅटरी लहान असते, साधारण ३२ अँपियर-अवरची. साडेतीन दिवसांत रिकामी. रविवार संध्याकाळ ते गुरुवार सकाळ! तुमचा गुरुवार हवेतला नव्हता.

आता फ्यूज. एकेक काढत बसण्याआधी दुसरी पद्धत सांगते. मीटर मिलिव्होल्टवर लावा आणि फ्यूजच्या पाठीवर जे दोन उघडे ठिपके असतात त्यांवर टोकं टेकवा. ज्यातून करंट जातोय तिथे काही दशांश मिलिव्होल्ट दिसेल, बाकी ठिकाणी शून्य. काही न काढता कुठली वाट जागी आहे ते कळतं.

गंगावेस

ताई, ही पद्धत नामी आहे. आम्ही फ्यूज काढून टेस्ट लॅम्प लावायचो, अर्धा दिवस जायचा.

आधी नेहमीचे संशयित तपासा. आधीच्या मालकाने लावलेला रेडिओ, अँप्लिफायर, अलार्म, आपोआप वर येणारी एरियल. वर उघडणाऱ्या हेडलाइटच्या मोटारी. त्यांचा रिले (विजेवर चालणारा स्विच) चिकटला तर मोटार बंद दिसते आणि वायर गरम होत राहते.

मांडवीकाठ (फोंडा, गोवा)

धागा आवडला. माझ्याकडे सॅन स्टॉर्म आहे, इथेच गोव्यात बनलेली दोन माणसांची गाडी, ११४९ सीसी रेनो इंजिन. बॉडी फायबरची असल्यामुळे बॉडीला अर्थ (करंटची बॅटरीच्या मायनसकडे परतायची वाट) मिळतच नाही, प्रत्येक दिव्याची परतीची तार वेगळी ओढलेली आहे. आमच्या पावसात आणि खाऱ्या हवेत या तारांची टोकं हिरवी पडतात. माझ्या गाडीत बॅटरी चांगली, डायनॅमो चांगला, तरी सेल्फ जड फिरायचा. शेवटी अर्थच्या केबलच्या क्रिंपमध्ये, म्हणजे टोकाच्या दाबून बसवलेल्या जोडात, बुरशीसारखी हिरवी भुकटी निघाली. उघडं छप्पर, तुम्ही सेल्फ जड म्हणालात म्हणून सांगितलं. तुमच्याकडे रस्त्यावर मीठ टाकतात ना हिवाळ्यात?

उघडं छप्पर

टाकतात, आणि आधीच्या मालकाने ही गाडी हिवाळ्यातही चालवलेली आहे. नोंद घेतली.

फ्यूजचा निकाल. पुढच्या डब्यातल्या 'रूम' लिहिलेल्या १० अँपियरच्या फ्यूजवर अगदी थोडं दिसलं. तो काढल्यावर ०.३७ चं ०.३५ झालं. म्हणजे तिथून फक्त ०.०२. घड्याळ, रेडिओची मेमरी, कॉम्प्युटरची मेमरी. बाकी एकाही फ्यूजवर काही नाही. एकेक करून सगळे छोटे फ्यूज उपसले, एरियलसकट. आकडा ०.३५ वर दगडासारखा. कुठलंच उपकरण सुरू नाही आणि करंट वाहतोच आहे. आता काय?

गंगावेस

आता डायनॅमो.

छोट्या फ्यूजमधून न जाणाऱ्या जाड तारा गाडीत मोजक्याच असतात. एक सेल्फला जाते, एक डायनॅमोला. डायनॅमोच्या पाठीमागच्या बोल्टवरची तार किल्लीतून जात नाही. किल्ली खिशात असली तरी तिच्यावर बॅटरीचा करंट असतो. आत तो अडवणारे फक्त डायोड. त्यांनी पाझर सोडला की गाडी उभ्या-उभ्या पिते.

तुम्ही पहिल्याच दिवशी म्हणालात दिवा मंद तेवतो, तेव्हाच माझ्या मनात डायोड प्लेट आली होती. बोललो नाही, कारण तुम्ही मग बाकी काही मोजलं नसतं.

एक करा. उद्या सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना, बॉनेट उघडा आणि इंजिनाला हात लावा, मग डायनॅमोच्या मागच्या बाजूला हात लावा. मीटर नंतर.

कोथरूडकर

दिवा मंद तेवण्याचा आणि डायोडचा संबंध कोणी समजावून सांगेल का?

चाफा

प्रयत्न करते. तो लाल दिवा किल्ली आणि अल्टरनेटर यांच्या मध्ये टांगलेला असतो. किल्ली फिरवली, इंजिन बंद, तर एका बाजूला १२ व्होल्ट, दुसऱ्या बाजूला जवळजवळ शून्य, म्हणून दिवा लख्ख. इंजिन चालू झालं की अल्टरनेटरची बाजूही तेवढ्याच व्होल्टवर येते. दोन्हीकडे सारखा दाब, करंट वाहायला कारण नाही, दिवा विझतो. मंद तेवतोय म्हणजे दोन बाजूंत थोडा फरक उरलाय. तो तारेतल्या गंजामुळे असू शकतो किंवा डायोडमुळे.

अल्टरनेटरमध्ये तीन फेजची वीज तयार होते, ती उलटसुलट वाहणारी. बॅटरीला एकाच दिशेची हवी. म्हणून सहा डायोड, तीन प्लसच्या बाजूला, तीन मायनसच्या. हे एकमार्गी दरवाजे. यातला एक बिघडला की चार्जिंग कमी होतं आणि वीज खडबडीत होते. पण उभ्या गाडीत करंट गळायला पूर्ण वाट लागते, प्लसपासून मायनसपर्यंत. म्हणजे बहुतेक वेळा प्लसच्या बाजूचा एक आणि मायनसच्या बाजूचा एक, असे दोन दरवाजे ढिले लागतात. एकदम दोन कसे जातील, हा प्रश्न माझ्या मनात आहे. उघडं छप्पर, या गाडीला कधी जंप स्टार्ट दिला होता का?

इसारकाठ (म्युनिक)

त्या दिव्याबद्दल थोडी भर. माझ्याकडे १९८७ची पोर्श ९४४ आहे. तिच्यात तो दिवा नुसता सांगण्यापुरता नाही. त्याच्यातून जाणाऱ्या करंटवर अल्टरनेटरचा रोटर (आतला फिरता भाग) सुरुवातीला चुंबक बनतो. माझा बल्ब उडाला होता. गाडी सुरू केली की चार्जिंग शून्य, एकदा जोरात रेस दिली की शिल्लक चुंबकत्वावर जागा व्हायचा आणि मग दिवसभर ठीक. अल्टरनेटर खोलायच्या आधी किल्ली फिरवून तो दिवा लागतो का एवढं बघायला हवं होतं.

उघडं छप्पर

सकाळी साडेसहाला गॅरेजमध्ये गेलो. बाहेर ३ अंश. इंजिनाचा ब्लॉक इतका गार की बोटं आखडली. मग अल्टरनेटरच्या मागच्या झाकणावर तळवा ठेवला. कोमट नव्हता म्हणा, पण गार लागत नव्हता. शेजारचं लोखंड हात खेचून घेत होतं आणि हे तेवढं नाही. मी तीनदा हात इकडून तिकडे केला. अंधारात एकटाच उभा होतो आणि अंगावर काटा आला. रात्रभर ते तिथे धगधगत होतं.

मग काकांनी सांगितलं नव्हतं तरी आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढलं, कारण त्या मागच्या बोल्टवर पाना ठेवताना तो बॉडीला टेकला असता तर ठिणगी उडाली असती. तार सोडवली, टोकाला रबर गुंडाळलं, निगेटिव्ह पुन्हा मीटरमधून जोडलं. ०.०२.

०.३७ वरून ०.०२! चोर सापडला.

चाफाताई, जंप स्टार्टचं विचारलंत आणि मी गप्प बसलो. गेल्या जानेवारीत दिवा चालू राहिल्यामुळे बॅटरी उतरली होती. शेजाऱ्याच्या गाडीवरून केबल जोडल्या. डिकीत अंधार, दोन्ही क्लॅम्पवरचा रंग उडालेला. उलट लागल्या. एक मोठी ठिणगी, आणि सगळं मेलं. ८० अँपियरचा मेन फ्यूज गेला होता, तो बदलला, गाडी सुरू झाली, मी विसरलो. पण आता आठवतंय, दिवा तेवायला लागला तो त्यानंतरच.

चाफा

मग उत्तर मिळालं. बॅटरी उलटी जोडली की करंटला नेमकी ती वाट उघडी मिळते जी एरवी बंद असते, मायनसच्या डायोडमधून वर आणि प्लसच्या डायोडमधून बाहेर. दोघांतून एकदम शेकडो अँपियर. मेन फ्यूज वितळेपर्यंतचा तो क्षणभर पुरतो. डायोड पूर्ण मेले नाहीत, जायबंदी झाले. दहा महिने पाझरत राहिले.

खात्रीसाठी आणखी एक चाचणी. तार परत जोडा, इंजिन चालू करून हेडलाइट लावा, मीटर एसी व्होल्टवर ठेवा आणि बॅटरीवर मोजा. चांगल्या अल्टरनेटरला ०.१ च्या आत येतं. आधी इंजिन बंद असताना तेच मोजा, कारण काही स्वस्त मीटर एसीवर डीसी व्होल्टही दाखवतात. इंजिन बंद असताना शून्याच्या जवळ यायला हवं. नाही आलं तर टोकं उलटी करून बघा.

उघडं छप्पर

बंद असताना ०.००. चालू असताना ०.४२.

गंगावेस

झालं. आता डायनॅमो उतरवा, पण अख्खा बदलू नका. डायोड प्लेट वेगळी मिळते. तुमच्याकडे सेल्फ-डायनॅमो बांधणारा कोणी जुना माणूस असेल तर त्याच्याकडे न्या. प्लेट, कार्बन आणि दोन्ही बेअरिंग एकदमच करून घ्या, खोललाच आहे तर. कार्बन ज्यांवर घासतात त्या स्लिप रिंग काळ्या पडल्या असतील तर पॉलिश करायला सांगा. आणि खोलताना समोर उभे राहा. आपली वस्तू आतून कशी दिसते ते बघायला मिळतं.

बॅटरीचं राहिलं. डिकीतली बॅटरी आहे. या गाडीला कंपनीतून बंद प्रकारची यायची, तिला हवेची नळी जोडलेली. तुम्ही सप्टेंबरमध्ये साधी टाकली असेल तर तिचा गॅस डिकीत साठतो. तो हायड्रोजन आहे. नळी गाडीच्या बाहेर काढलेली असायला हवी. बघा आहे का.

उघडं छप्पर

नळी होती पण बॅटरीला लावलेलीच नव्हती, गालिच्याखाली दुमडून पडली होती. खालचा पत्रा खडबडीत झालाय, ॲसिडच्या वाफेने. सोडा-पाण्याने धुऊन, घासून रंग मारतोय.

(पाच दिवसांनी)

उघडं छप्पर

शनिवारी इथून अर्ध्या तासावरच्या गावात एका म्हाताऱ्या कारागिराकडे गेलो. सत्तरीच्या पुढचे, दुकानभर तांब्याच्या तारांचा वास. मी माझ्या वहीतले आकडे दाखवले, त्यांनी चष्मा लावून सगळे वाचले आणि काही न बोलता अल्टरनेटर शिकंज्यात धरला. प्लेट काढून माझ्यासमोर एकेका डायोडला मीटर लावला. चार डायोड एका बाजूने बोलत होते, दुसऱ्या बाजूने गप्प. दोन दोन्ही बाजूंनी बोलत होते. एक प्लसचा, एक मायनसचा. ताईंनी म्हटलं होतं तसंच.

प्लेट, कार्बन, बेअरिंग मिळून १४० डॉलर. घरी येऊन बसवला. दिवा आता रात्री काळाकुट्ट. एसी ०.०३. गळती ०.०२.

पण काका, एक गोष्ट खटकतेय. हेडलाइट आणि ब्लोअर लावल्यावर बॅटरीवर १३.५ च येतात. अल्टरनेटरच्या बोल्टपासून त्याच्याच बॉडीपर्यंत मोजले तर १४.३. आणि सेल्फ अजून जडच आहे.

गंगावेस

मी याचीच वाट बघत होतो. शाबास, थांबला नाहीत.

मधले ०.८ व्होल्ट कुठे सांडतात? दोनच वाटा, जायची आणि परतीची. इंजिन चालू, दिवे लावलेले. मीटरचं एक टोक डायनॅमोच्या बोल्टला, दुसरं बॅटरीच्या प्लसला. मग एक टोक डायनॅमोच्या अंगाला, दुसरं बॅटरीच्या मायनसला. लांब वायर लागेल, बॅटरी मागे आहे तुमची. प्लसच्या वाटेला इतक्या लांबीत ०.२-०.३ चालेल. मायनसला ०.१ पेक्षा जास्त आलं तर तिथे हात घाला.

उघडं छप्पर

प्लस ०.२. मायनस ०.६!

मग तुकडे पाडले. अल्टरनेटर ते इंजिन ०.०२. इंजिन ते बॉडी ०.५५. बॉडी ते बॅटरी ०.०३.

गंगावेस

इंजिन ते बॉडीची अर्थ केबल. मांडवीकाठांनी तुम्हाला आठ दिवसांपूर्वीच सांगितलं होतं. सेल्फचाही सगळा करंट त्याच वाटेने परत येतो, म्हणून तो जड.

उघडं छप्पर

गाडी जॅकवर घेऊन स्टँड लावले आणि खाली शिरलो. केबल वरून चांगली काळी दिसत होती. टोकाजवळ वाकवली तर आत वाळू भरल्यासारखा आवाज आला. इन्सुलेशन कापलं तर तांबं उरलंच नव्हतं, हिरवी भुकटी आणि मधे आठ-दहा तारा शाबूत. इतके दिवस सेल्फचे शंभर अँपियर त्या आठ-दहा तारांमधून आणि ॲक्सिलरेटरच्या केबलसारख्या आडवाटांनी वाट काढत होते.

नवी जाड केबल करून घेतली, दोन्हीकडचा गंज उजळ पत्रा दिसेपर्यंत घासला, बोल्ट आवळून वर ग्रीस लावलं. आता सगळं लावून बॅटरीवर १४.०. आणि सेल्फ! किल्ली फिरवताक्षणी गाडी उठते. दोन वर्षांत मी हिचा असा आवाज ऐकलाच नव्हता. बायको वरून खाली बघायला आली की काय झालं.

मांडवीकाठ

वाचून फार बरं वाटलं. केबलचा फोटो टाका ना, इथल्या दोघा-तिघांना दाखवायचा आहे.

सह्यवाट

काका, तुमचं पटलं. रविवारी जिप्सीची गळती मोजतो. स्विच लावल्यापासून कधी बघितलीच नाही.

कोथरूडकर

एक शंका. त्या गॅरेजवाल्याने अल्टरनेटर गेलाय म्हटलं ते मग बरोबरच होतं ना?

गंगावेस

बरोबर होतं, अर्धं. ४६० डॉलर देऊन नवा बसवला असता तर गळती थांबली असती, पण १३.५ आणि जड सेल्फ तसाच राहिला असता. मग यांनी नव्या डायनॅमोवर संशय घेतला असता, नाहीतर सेल्फ बदलला असता. आणि आधी अर्थ केबल बदलली असती तर सेल्फ खडखडीत फिरला असता आणि गुरुवारी बॅटरी पुन्हा बसली असती.

उघडं छप्पर, बॅटरी पाच-सहा वेळा पूर्ण उतरलीय. तिच्या प्लेटवर थर धरला असणार, आधीइतका चार्ज धरणार नाही. लगेच फेकू नका. सावकाश, ३ अँपियरने पूर्ण भरा, आणि सात दिवस उभी ठेवून रीडिंग द्या.

उघडं छप्पर

(सात दिवसांनी) गेल्या रविवारी १२.६६, आज १२.५१. गुरुवारी मुद्दाम हात लावला नाही.

एक शेवटचं काम राहिलं होतं. डिकीतल्या दिव्याचा बल्ब. तो परत लावायला मन धजत नव्हतं, डिकी बंद केल्यावर तो खरंच विझतो हे कधी कोणी बघितलंय? फोनवर व्हिडिओ सुरू करून आत ठेवला, झाकण लावलं, वीसपर्यंत आकडे मोजले आणि उघडलं. व्हिडिओत झाकण खाली येताना दिसतं, कुलूप खट्ट वाजतं, आणि दिवा तसाच. मग मी झाकणावर तळव्याने दाबल्याचा आवाज येतो आणि अंधार होतो.

स्विचची पट्टी थोडी वाकलेली होती. सरळ केली. दुसऱ्या व्हिडिओत खट्ट होताच अंधार.